दुकानात पोराला अडवलं तर : वाचकांचे प्रश्न

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. क्लासहून येताना एका मोठ्या दुकानात शिरला. बाहेर पडताना दारातलं मशीन वाजलं. गार्डनं त्याला मागच्या स्टोअररूममध्ये नेऊन दोन तास बसवलं, मोबाइल काढून घेतला, खिसे आणि दप्तर उलटं केलं. २४० रुपयांच्या डिओच्या बदल्यात २४०० भरा, नाहीतर पोलिसांत देतो, असं म्हणून त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतला. मी धावत गेले आणि पैसे भरून त्याला घेऊन आले. आता वाटतं, चूक केली का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, त्या क्षणी पोराला तिथून बाहेर काढणं हेच तुम्हाला सुचलं, यात तुमची चूक नाही. पण दुकानानं जे केलं त्यातलं बहुतेक कायद्यात बसत नाही.

गार्डला पोलिसाचे कोणतेही अधिकार नसतात. त्याच्या हातात असतो तो कोणत्याही नागरिकाला असणारा अधिकार, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे अटक-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ४० मधला. त्याच्या समक्ष गुन्हा घडला पाहिजे, आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा), असा दोन्ही असला पाहिजे. मशीन वाजलं म्हणजे समक्ष गुन्हा घडला असं होत नाही. काउंटरवर टॅग निष्क्रिय करायचा राहिला, किंवा दुसऱ्या दुकानातून आणलेल्या शर्टात टॅग शिवलेला असला, तरी मशीन वाजतं. शिवाय चोरीसाठी अप्रामाणिक हेतू लागतो. हातातली वस्तू बिल करायची विसरणं म्हणजे चोरी नव्हे.

आता रकमेचा मुद्दा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा, लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरलेल्या मालाची किंमत ५००० रुपयांहून कमी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा फक्त समाजसेवेची आहे. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र धरला जातो. म्हणजे २४० रुपयांच्या डिओसाठी कलम ४० खाली पकडून ठेवायला आधारच उरत नाही. पोलीस कलम ३०५ लावू शकतात, हे मात्र ध्यानात ठेवा. मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतल्या चोरीचं ते कलम असून त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तिथं ही रकमेची सवलत मिळत नाही.

‘आम्ही सहा तास ठेवू शकतो’ असं गार्ड ठासून सांगतात. सहा तास ही शेवटची मर्यादा आहे, बसवून ठेवायची परवानगी नव्हे. पकडलंच तर विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, असं कलम ४० मध्येच लिहिलंय. झडतीबद्दल सुरक्षा संहितेचं कलम ४९ बघा. खाजगी माणसानं पकडलेल्याची झडती, ज्याच्या ताब्यात तो दिला जातो तो पोलीस अधिकारी घेतो. खिशात हात घालणं गार्डचं काम नाही. मोबाइल काढून घेणं तर नाहीच.

दहापट रक्कम वसूल करायचा अधिकार कोणत्याही दुकानाला नाही, भिंतीवर तशी पाटी असली तरीही. पोलिसांची भीती घालून पैसे काढणं न्याय संहितेतल्या खंडणीच्या कलम ३०८ मध्ये येऊ शकतं. कोंडून ठेवण्याला त्याच संहितेचं कलम १२७ आहे. तो दखलपात्र गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मारहाण झाली असेल तर न्याय संहितेचं कलम ११५ आणि बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ बघावं लागेल. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच त्याला छळलं, तर कलम ७५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. माफीनाम्याला घाबरू नका. दहापट भरण्याचं अल्पवयीनाचं कबुलीपत्र करार म्हणून टिकत नाही, आणि दबावाखाली लिहून घेतलेल्या कागदाला फारसं वजन नसतं.

आता काय करायचं? सगळ्यात आधी सीसीटीव्ही. रेकॉर्डरवर जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून आजच दुकानाच्या व्यवस्थापकाला तारीख आणि वेळ घालून लेखी पत्र द्या, दारापासून स्टोअररूमपर्यंतचं चित्रण जपून ठेवा म्हणून. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. ते नाकारतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. पैसे यूपीआयनं दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट काढा, रोख दिले असतील तर रक्कम आणि कोणाच्या हातात दिली ते लिहून ठेवा. मुलाकडून घडलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. दोन-चार दिवस उलटले की बारकावे पुसट होतात. अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून नोंद करून घ्या.

मग हद्दीतल्या पोलीस ठाण्यात तक्रार. हद्द कोणाची यावर घोटाळा झाला तरी तक्रार घ्यावीच लागते, नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. ठाणे अंमलदार घेत नसतील तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची चिंता करू नका. बायका आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा मोफत मिळते. त्यासाठी कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० ला फोन करा.

काका, मी सतरा वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर महाद्वार रोडला, मॉलमध्ये फिरते. गार्डनं थांबवलं तर नेमकं काय म्हणायचं? पळून जावंसं वाटतं. – अकरावीतली वाचक

पळू नकोस. पळाल्यानं संशय पक्का होतो आणि धरपकडीत कुणीतरी पडतं. हातवारे न करता उभी राहा आणि बिल असेल तर दाखव. बॅग दाखवायची की नाही ते तू ठरवायचंस. दाखवायची असली तर तूच उघडून दाखव, दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. अंगाला हात लावू द्यायचा नाही. झडती घ्यायचीच असेल तर पोलीस घेतील, आणि मुलीची झडती बाईच घेते, तीही सभ्यतेनं.

आतल्या खोलीत बोलावलं तर जायचं नाही. म्हणायचं, ‘मी इथंच काउंटरपाशी उभी राहते. आईला आणि पोलिसांना फोन करा.’ मग तूही ११२ लाव. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. तुझं नाव आणि घरच्यांचा नंबर सांगायला हरकत नाही. ‘कबूल कर, मग सोडतो’ याला उत्तर द्यायचं नाही, सही तर कशावरच करायची नाही. मैत्रिणीनं काही उचललं असेल आणि तुला माहीतच नसेल, तर तू गुन्हेगार होत नाहीस. तिला आडोसा धरला असशील तर मात्र तूही अडकशील. खोटंही बोलू नकोस, गप्प राहा.

पोलीस आले की मुलाला चौकीत कोंडतात का? पुढं पासपोर्टला, नोकरीला अडचण येते का? – एक वडील, कागल

अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, एक रात्रसुद्धा नाही. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मूल त्याच्या ताब्यात द्यायचं. त्यानं साध्या कपड्यांत बोलायचं. बेडी नाही, कबुलीचा दबाव नाही, कोणत्याही जबाबावर मुलाची सही नाही. पालकांना लगेच कळवायचं. बाल न्याय अधिनियमाखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ८ फार उपयोगाचा आहे. गुन्हा अत्यंत गंभीर वर्गातला (किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असलेला) नसेल आणि त्यात प्रौढ माणूस सामील नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे मुलांवरची गुन्ह्याची प्रकरणं बघणाऱ्या मंडळाकडे, पाठवायचा. दुकानातली साधी चोरी या अत्यंत गंभीर वर्गात येत नाही, कलम ३०५ लावलं तरी. ताब्यात घेतलंच तर चोवीस तासांत मंडळापुढं हजर करावं लागतं, आणि जामिनाला कलम जामीनपात्र आहे की नाही हे आडवं येत नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल) हा शब्द कागदावर दिसला म्हणून घाबरू नका, तो फक्त वर्ग आहे.

वयाचा पुरावा हाताशी ठेवा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी चालतं, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधारवर भिस्त ठेवू नका.

मंडळानं दोष धरला तरी बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणातून पुढं कोणतीही अपात्रता चिकटत नाही.

माझं गांधीनगरात कापडाचं दुकान आहे. पोरं माल उचलतात, नुकसान आमचंच होतं. आम्ही करायचं तरी काय? – एक दुकानदार

तुमचं नुकसान खरं आहे, आणि कायदा तुम्हाला हात बांधून बसायला सांगत नाही. उचलताना पाहिलं असेल तर दारात थांबवा, वस्तू मागा. परत दिली तर विषय तिथंच संपवायचा हक्क तुम्हाला आहे, आणि बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं असतं. संपवायचा नसेल तर लगेच पालकांना आणि ११२ ला फोन करा. पोलीस येईतो मुलाला जबरदस्ती न करता उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसवा, पाणी द्या, मुलगी असेल तर बाई कर्मचारी शेजारी ठेवा. चित्रण वेगळं काढून ठेवा आणि वस्तूचा टॅग, किंमत, वेळ लिहून ठेवा.

मुलाचा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचा नाही. चौकशी सुरू असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. चौकशी नसली तरी न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ आहेच. गार्ड एजन्सीकडून घेत असाल तर खाजगी सुरक्षा संस्था कायदा २००५ खालचा तिचा परवाना बघून घ्या, आणि ‘अंगाला हात नाही, कोंडणं नाही, वसुली नाही’ हे करारात लिहून घ्या. तुमच्या दुकानात गार्डनं काही केलं, तर तक्रारीत तुमचंही नाव येतं.

मुलगा साडेअठरा वर्षांचा असेल तर? – वाचक, जयसिंगपूर

बाल न्याय अधिनियम लागू होत नाही. गार्डच्या मर्यादा मात्र त्याच राहतात, कलम ४०, ४९ आणि १२७ वयावर अवलंबून नाहीत. पोलिसांनी पकडलं तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं न्यावं लागतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन चौकशीला बोलावतात. ती नोटीस मिळाली की तारीख चुकवू नका. तारीख चुकली तर अटकेला कारण मिळतं.