ठळक अक्षरातला ‘लो’ आणि भिंतीचे पोपडे

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. जूनमध्ये बालवाडीत घातला आणि तेव्हापासून आठ महिन्यांत नऊ वेळा सर्दी-खोकला-ताप झाला. एकदा कान फुटला. न्यूमोनिया झालेला नाही, कधी अ‍ॅडमिटही करावं लागलं नाही. नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी करून घेतली. आयजीजी ५८५ (लॅबची मर्यादा ७०० ते १६००) आणि आयजीए ३८ (७० ते ४००) या दोन्हींपुढे ठळक अक्षरात ‘लो’ छापलं आहे. आयजीएम ९२ नॉर्मल, आयजीई ३१० ‘हाय’. पांढऱ्या पेशी ९,४००, त्यात लिम्फोसाइट ५६ टक्के ‘हाय’, न्यूट्रोफिल ३४ टक्के ‘लो’. हिमोग्लोबिन १०.१, एमसीव्ही ६८. घरात सगळे म्हणतात, याची इम्युनिटीच नाही, गामा ग्लोब्युलिनची इंजेक्शनं घ्या. सासूबाईंनी शक्तिवर्धक पावडर आणली आहे. सर्दीमुळे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला, तो आता देऊ की नको? वजन १३.८ किलो आहे. जेवायला नखरे करतो, पण दूध बाटलीने दिवसाला लिटरभर पितो. हल्ली भिंतीचे पोपडे काढून खातो, रागावलं तरी ऐकत नाही. मला रात्र रात्र झोप येत नाही.
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे पाहिले, दुसऱ्यांदा तुमच्या मुलाला पाहिलं. दुसऱ्या वाचनात मन बरंच निवांत झालं, ते का ते सांगते.

आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई ही रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं. अहवालात उजवीकडे त्यांची जी मर्यादा छापली आहे, ती मोठ्या माणसाची आहे. ७०० ते १६०० हे तुमच्या यजमानांचं माप. सव्वातीन वर्षांच्या मुलाला वडिलांचा सदरा घातला तर तो ढगळच होणार, त्यावरून मूल खुरटलं असं कोणी म्हणत नाही. या वयात आयजीजी साधारण ४५० ते ११०० आणि आयजीए साधारण २५ ते १५० असलं तरी चालतं. प्रत्येक लॅबच्या यंत्राप्रमाणे थोडा फरक पडतो. ५८५ आणि ३८ या दोन्ही संख्या त्यात बसतात. लॅबने मुलाचं वय अहवालावर वरती छापलं आणि खाली मोजपट्टी मात्र मोठ्यांची लावली. असा अहवाल माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतो आणि दर वेळी मला त्या आईबापांच्या गेलेल्या झोपेचं वाईट वाटतं. लॅबला फोन करा आणि ‘वयानुसार मर्यादा लावून अहवाल पुन्हा छापून द्या’ असं सांगा. रक्त पुन्हा द्यावं लागत नाही.

मुलांचे आकडे कमी का असतात, हे समजलं की भीती जाते. पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत आईचं आयजीजी वारेतून बाळाकडे जातं. म्हणून नवजात बाळाची पातळी आईइतकी, कधी आईपेक्षा जास्तही असते. पण ती उसनी शिदोरी. दर तीन आठवड्यांनी ती निम्मी होते आणि बाळाची स्वतःची कमाई अजून सुरू व्हायची असते, त्यामुळे तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास पातळी सगळ्यांत खाली येते. पुढे ती हळूहळू चढते. आयजीएम लवकर भरतं, आयजीजीला सात-आठ वर्षं लागतात, आयजीए तर वयात येईपर्यंत चढत राहतं. काही मुलांत ही कमाई जरा उशिरा सुरू होते आणि बहुतेकांची चौथ्या वर्षापर्यंत आपोआप रुळावर येते. म्हणूनच आयजीएची जन्मजात कमतरता हे निदान आम्ही चार वर्षांच्या आधी करत नाही आणि त्यासाठी आयजीए ७ च्याही खाली असावं लागतं. तुमच्या मुलाचं ३८ आहे. तो विषय इथेच संपला.

लिम्फोसाइट ५६ टक्के आणि न्यूट्रोफिल ३४ टक्के हीसुद्धा याच चुकीच्या मोजपट्टीची करामत. लहान मुलांत लिम्फोसाइट जास्त असतात. चार-पाच वर्षांच्या सुमारास पारडं फिरतं आणि मोठ्यांसारखं होतं. शिवाय टक्केवारीवर कधीच थांबू नये, गुणाकार करावा. ९,४०० चे ५६ टक्के म्हणजे ५,२६४ लिम्फोसाइट, ३४ टक्के म्हणजे ३,१९६ न्यूट्रोफिल. दोन्ही छान आहेत. हा गुणाकार मी माझ्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला करायला लावत असे, कारण तान्ह्या बाळाचे लिम्फोसाइट तीन हजारांच्या खाली असले तर पुढची तपासणी तातडीने करावी लागते, आणि टक्केवारी बघणाऱ्याच्या नजरेतून ते निसटतं.

आठ महिन्यांत नऊ सर्द्या ऐकायला फार वाटतात, पण बालवाडीच्या पहिल्या वर्षी निरोगी मुलालाही आठ-दहा वेळा, कधी बारा वेळाही सर्दी-ताप होतो. मी विचारते तो प्रश्न वेगळा असतो : दोन आजारपणांच्या मधे मूल कसं असतं? तुमचा मुलगा वजन धरून आहे, एकदाही दवाखान्यात राहिलेला नाही. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती खरोखर अधू असते, त्याची गोष्ट निराळी असते. वर्षात दोन न्यूमोनिया, अँटिबायोटिक दोन-दोन महिने चालू ठेवूनही गुण नाही, शिरेतूनच औषध द्यावं लागतं, यकृतात किंवा त्वचेखाली खोल गळवं पुन्हा पुन्हा होतात, वयाच्या पहिल्या वर्षानंतरही तोंडातली बुरशी हटत नाही, वजन अडून बसतं, बीसीजीच्या (क्षयाच्या लसीच्या) जागी जखम पसरत जाते किंवा काखेतली गाठ वाढून फुटते. आणि घराण्याचा इतिहास.

या शेवटच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा येत असे. दर दोन-तीन महिन्यांनी न्यूमोनिया. मी दर वेळी छाती तपासली, औषध लिहिलं, तो बराही झाला. चौथ्या वेळी जीभ दाबून घसा बघताना माझ्या लक्षात आलं की एवढा वारंवार आजारी पडणारा मुलगा आणि घशात टॉन्सिल जवळजवळ नाहीतच. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच नसल्या की टॉन्सिल वाढत नाहीत. मग त्याच्या आईला विचारलं, तुमच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेला का? ती म्हणाली, माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा असताना, छातीच्या आजाराने. त्या मुलाचं आयजीजी शंभराच्याही खाली निघालं. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलात प्रथम नोंदवलेला हा आजार आईकडून येतो आणि जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. तो प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, लागू लागलं. त्यानंतर त्याला न्यूमोनिया झाला नाही, तो शाळेत जाऊ लागला. तेव्हापासून मामाची चौकशी केल्याशिवाय मी मुलाचा कागद बाजूला ठेवत नाही. तुम्हीही आईला फोन करून एवढं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं आणि तुमच्या डॉक्टरांना घशात टॉन्सिल दिसले, तर मला या मुलाच्या प्रतिकारशक्तीची आणखी एकही तपासणी करावीशी वाटत नाही.

गामा ग्लोब्युलिन म्हणजे तेच इम्युनोग्लोब्युलिन. ते हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढतात, महाग असतं, बहुधा शिरेतून द्यावं लागतं. ज्याला हवं त्याच्यासाठी ते जीवदान आहे, म्हणून ज्याला नको त्याला देणं मला पटत नाही. शिवाय ते एकदा दिलं की पुढचे काही महिने मुलाचं स्वतःचं आयजीजी किती हे कळतच नाही, कारण मोजलं जातं ते दात्यांचं. पुढे कधी शंका आलीच, तर लसींनी तयार झालेल्या प्रतिपिंडांची तपासणी करता येते, धनुर्वाताच्या लसीची उदाहरणार्थ. किती प्रतिपिंडं आहेत यापेक्षा ती काम करतात का, हे त्यातून कळतं. अशा तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रुधिरप्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे, आणि वाडिया रुग्णालयात बालरोग-प्रतिरक्षा विभाग आहे. तिथे जायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

गोवर-रुबेलाचा डोस मात्र लगेच द्या. तो सोळा ते चोवीस महिन्यांत व्हायला हवा होता. नाक वाहतंय म्हणून लस पुढे ढकलायची गरज नसते. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला गोवर होणं हे या अहवालातल्या सगळ्या ‘लो’पेक्षा मोठं संकट आहे.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली ओळ : भिंतीचे पोपडे. ताई, तुमच्या अहवालात काळजी करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही. हिमोग्लोबिन १०.१. या वयाच्या मुलात ते ११ च्या वर हवं. एमसीव्ही ६८ म्हणजे लाल पेशी आकाराने लहान आहेत. त्यात लिटरभर दूध, ताटावर नखरे आणि माती-चुना खायची ओढ. हे चित्र लोहाच्या कमतरतेचं आहे. दुधात लोह अगदी थोडं असतं आणि पोट दुधाने भरलं की भाकरी, डाळ, अंडं यांना जागा राहत नाही. मग मूल किरकिरं होतं, भूक मरते, भूक मेली म्हणून आई आणखी एक बाटली भरते. त्याला रागावू नका, ती खोड नाही. लोह भरलं की पोपडे खाणं बहुधा आपोआप थांबतं. जुन्या भिंतीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोपरा खरवडू नका, शिशाची धूळ घरभर होते; तिथे कपाट सरकवा.

आयजीई ३१० चा धागाही मला इथेच जुळताना दिसतो. ते बहुतेक वेळा वाढतं ते अ‍ॅलर्जीने किंवा जंतांनी. माती खाणाऱ्या मुलाला बऱ्याचदा जंत असतात, जंत लोह कमी करतात. सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक चोळणं, रात्री घोरणं असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार करावा लागेल, ते नीट बघून ठेवा.

तुमच्या डॉक्टरांना हे पत्र दाखवा. मुलाला ताप नसताना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगा, कारण तापात ते खोटं चढतं आणि कमतरता झाकली जाते. गेल्या सहा महिन्यांत जंतांची गोळी दिली नसेल तर ती द्या. दूध अर्धा लिटरवर आणा, आणि बाटली बंद करून वाटीने किंवा पेल्याने द्या. पहिले चार दिवस रडारड होईल, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. पावडरीवर पैसे घालवण्यापेक्षा नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, वर लिंबू पिळून डाळ, चालत असेल तर अंडं आणि मटणाचा एखादा मऊ तुकडा, हे त्यांच्याच हातचं असू द्या. आजीच्या हातचं नातू खातो.

लोहाचं औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरच लिहून देतील. दुधाबरोबर देऊ नका, आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवा. औषधाची बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा, जास्त पोटात गेलं तर ते विषारी ठरतं. औषध सुरू झालं की शी काळी होईल, तिला घाबरू नका.