आधी उभं करायचं, मग बघायचं

"मॅडम, नोकरी सांभाळून महिनाभरात पटकथा लिहायची ठरवली होती. आठव्या दिवशी बंद पडली. माझ्यात शिस्तच नाही का हो?"

मी समुपदेशक आहे. शब्द थोडेफार इकडेतिकडे, पण हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. विचारणाऱ्यांत बँकेतल्या अधिकारी होत्या, दातांचे डॉक्टर होते, हिंजवडीला जाणारे इंजिनिअर तर बरेच. पुण्यात हा प्रश्न वरचेवर येणारच. कॉलेजात पुरुषोत्तम किंवा फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धा केलेला माणूस पुढे कुठल्याही कंपनीत गेला तरी डोक्यातली गोष्ट मागे टाकून जात नाही. तिशी ओलांडली, घराचा हप्ता सुरू झाला, की ती पुन्हा टोचायला लागते. मग कुणीतरी महिन्याचं आव्हान घेतं.

या आव्हानाचा साचा बाहेरून आलेला. नोव्हेंबर महिन्यात 50,000 शब्दांची कादंबरी लिहा, असं आव्हान देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळींनी 2007 मध्ये 'स्क्रिप्ट फ्रेन्झी' सुरू केलं. 2008 पासून ते एप्रिलमध्ये होऊ लागलं आणि लक्ष्य ठरलं 30 दिवसांत 100 पानं. 2012 नंतर तो उपक्रम थांबला, आकडा मात्र टिकला, आणि त्याला कारण आहे. ठरावीक मांडणीत लिहिलेलं पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. म्हणजे 100 पानांत पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा कच्चा खर्डा हाती येतो.

आता निखिलबद्दल. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वय 34, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये दहा वर्षं. घर सिंहगड रस्त्याला, ऑफिस हिंजवडीत, कंपनीच्या बसने जाताना सव्वा तास, येताना दीड. घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्याकडे वेळापत्रक मागितलं. "वेळ मिळत नाही, तेवढं बसवून द्या."

मी वेळापत्रक दिलं नाही. आठवडाभर रोज किती वाजता लिहायला बसलात, किती वाजता उठलात आणि पानाचा आकडा किती होता, एवढं लिहून आणा म्हटलं. नोंदी चोख होत्या. सात रात्री, सव्वादहा ते पावणेबारा. दीड तास रोज, म्हणजे आठवड्याचे साडेदहा तास. पानं 11 वरून 12 वर गेली होती.

"साडेदहा तास होते की," मी म्हटलं. "त्यांत काय केलंत?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पहिला प्रसंग पहाटेच्या चहाच्या टपरीवरचा. वर्णनात एक ओळ होती, 'पावसाची भुरभुर चालू आहे.' सोमवारी भुरभुरीची रिपरिप झाली होती, मंगळवारी रिमझिम, गुरुवारी पुन्हा भुरभुर. टपरीवाल्याचा "साखर कमी ना?" हा प्रश्न कधी वर जायचा, कधी खाली यायचा. हा प्रसंग त्यांनी आतापर्यंत अकरा वेळा लिहिला होता.

माझी वाट विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, हे लपवत नाही. माणूस अडतो तो बहुधा परिस्थितीपाशी नव्हे, तिच्याबद्दल स्वतःला काय बजावतो तिथे, असं मी मानते. त्यामुळे माझं लक्ष वाक्यातल्या 'च'कडे जातं. 'पहिलं पान उत्तम जमलंच पाहिजे.' 'कॉलेजात जमत होतं, आताही जमायलाच हवं.' मराठीत एका अक्षरात इच्छेची सक्ती होते. हे 'च' आम्ही दोन भेटींत शोधून काढले. निखिलना पटलंही. पान मात्र 14 च्या पुढे जाईना. पटणं आणि हात चालणं यांत अंतर असतं.

चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, "पुरुषोत्तमला लिहिलेली एकांकिका किती दिवसांत झाली होती?"

"आठ रात्रींत."

"तेव्हा एकच प्रसंग अकरा वेळा लिहीत होतात?"

ते हसले. "छे हो! तेव्हा कुठला वेळ? पानं झाली की थेट तालमीत. तिथे पोरं बोलायला लागली की कळायचं, हे वाक्य तोंडात बसत नाही, इथे हिला आत जायला कारणच नाही. चुका काढायला दहा जण होते. आम्ही आधी उभं करायचो, मग बघायचो."

मी काही बोलले नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. खाली कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटला, हॉर्न वाजले, थांबले. निखिल लॅपटॉपच्या कडेवर अंगठा फिरवत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ऑफिसात बिल्ड, म्हणजे बांधून झालेलं सॉफ्टवेअर, आल्याशिवाय आम्ही टेस्ट करतच नाही. काय करणार? टेस्ट करायला काही असायला तर हवं ना! आणि इथे मी एक वीट ठेवतो आणि तिच्यावर डिफेक्ट लिहायला बसतो."

ही जागा मी सांगून सापडली नसती. आणि मलाही त्या दिवशी एक गोष्ट स्वच्छ दिसली. चुका दाखवणारा आतला आवाज गप्प करायच्या मागे मी होते. पण निखिलना त्या आवाजाचाच पगार मिळतो. दिवसाचे नऊ तास जी नजर धारदार ठेवायची, ती रात्री सव्वादहाला म्यान कशी होणार? त्या नजरेला घराबाहेर काढण्याऐवजी बसायला वेगळी जागा द्यायला हवी होती. हा धडा नंतर मी संपादक, ऑडिटर, पेपर तपासणारे शिक्षक अशा कितीतरी जणांना दिला आणि तो लागू पडला, याचं मला समाधान आहे.

जागा म्हणजे एक दोनशे पानी वही आणि लाल बॉलपेन. लिहिताना खटकलं की फाइलमध्ये मागे जायचं नाही. वहीत एक ओळ लिहायची: तारीख, पान क्रमांक, काय खटकलं आणि किती गंभीर. ऑफिसातल्यासारख्याच तीन पायऱ्या. गोष्ट अडते ते 'ब्लॉकर', प्रसंग लंगडतो ते 'मेजर', शब्द आवडला नाही ते 'मायनर'. महिनाभरात फक्त ब्लॉकरला हात लावायची परवानगी, तीही मागचं दुरुस्त न करता. 'सुमनला पत्र आधीच मिळालं आहे असं धरून पुढे' अशी चौकटीत एक ओळ टाकायची आणि पुढचं पान लिहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी 19 नोंदी केल्या. आणि तीन पानं लिहिली.

निखिलनी पुढे नव्या महिन्यात पहिल्यापासून सुरुवात केली. इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून त्या महिन्याची घडण सांगते.

100 भागिले 30 हा हिशेब नोकरदाराने करू नये. रोज सव्वातीनहून थोडी जास्त पानं असं ठरवलं की पहिल्या ओव्हरटाइमलाच ते मोडतं. सर्वसाधारण महिन्यात 22 कामाचे दिवस आणि 8 सुट्टीचे धरा. कामाच्या दिवशी 3 पानं, सुट्टीच्या दिवशी 5. 66 आणि 40 मिळून 106 होतात. वरची 6 पानं म्हणजे दोन दिवसांची हक्काची रजा. ताप, पाहुणे, बारसं यांसाठी ती आधीच काढून ठेवलेली बरी.

महिना कुठला घ्यायचा यालाही महत्त्व आहे. बँकेतल्या त्या बाईंनी मार्च घेतला होता, वर्षअखेरीचा! गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, तुमच्या ऑफिसातला रिलीज किंवा अप्रेझल असलेला महिना सोडा. नोकरीतल्या माणसाने उत्साह आला म्हणून उद्यापासून सुरू करू नये.

पानं महिन्यातच लिहायची, पण तयारी आधी करायची. दोन आठवडे पुरतात. एक प्रसंग सरासरी दोन-अडीच पानांचा धरला तर 100 पानांना 40 ते 50 प्रसंग लागतात. तेवढी कार्डं करा. कार्डावर तीनच गोष्टी: कुठे, कुणाला काय हवंय, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असतं. तिसरी ओळ सुचली नाही तर तो प्रसंग अजून तयार नाही. सुरुवातीची दहा आणि शेवटची पाच कार्डं पटापट होतात. खरी अडचण पान 30 ते 60 या पट्ट्यात येते, कारण ओळख करून देणं संपलेलं असतं आणि शेवट अजून लांब असतो. लोक बंद पडतात ते बहुतेक इथेच, आणि दोष शिस्तीला देतात. मधली कार्डं कोरी असतात, इतकंच कारण असतं. अडलात तर क्रम सोडा, ज्या प्रसंगाचं कार्ड भरलेलं आहे तो लिहा.

पानाच्या मापाबद्दल एक सूचना. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजीतल्या 12 पॉइंट कुरिअर टंकावर बेतलेला आहे. देवनागरीत टंक आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो हलतो. म्हणून पहिल्या दिवशी एक पान संवादांच्या वेगाने, कृतीला वेळ देत, मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. मिनिटाच्या आसपास येईल असा टंक ठरवा, मग महिनाभर त्याला हात लावू नका. टंक बदलत बसणं हेसुद्धा टाळाटाळीचंच एक रूप आहे, मी ते बरेचदा पाहिलं आहे.

वेळ निखिलनी सकाळची घेतली, पावणेसहा ते सात. कार्ड भरलेलं असेल तर एका पानाला साधारण 25 मिनिटं लागतात, म्हणजे तीन पानांना सव्वा तास. रात्री तेच काम दुप्पट वेळ खातं. मात्र सकाळ हवी असेल तर रात्री साडेदहाला आडवं व्हायला हवं. झोप कापून मिळवलेली पानं तिसऱ्या आठवड्यात व्याजासकट परत जातात, ऑफिसातल्या चुकाही वाढतात. बसमध्ये त्यांनी लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशीच्या कार्डाकडे फक्त बघितलं. आणि रोजचं शेवटचं वाक्य अर्धवट सोडून उठायचं. पुढचं उत्तर माहीत असताना उठलं की सकाळी कोऱ्या पानाला तोंड द्यावं लागत नाही.

दिवस बुडाले तर थकबाकी एकदम फेडायला जाऊ नका. दोन दिवसांची सहा आणि आजची तीन अशी नऊ पानं घेऊन बसणारा माणूस चार लिहितो आणि स्वतःला नापास करून टाकतो. रजा संपलेली असेल तर ती सहा पानं पुढच्या 12 दिवसांत रोज अर्धं अशी वाटा. कामाच्या दिवशी पाचच्या वर जायचं नाही, जमत असलं तरी.

घरच्यांशी बोलताना 'जरा सांभाळून घे' असं मोघम मागणं मागू नका. निखिल आणि त्यांच्या पत्नी दोघं एकदा माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा व्यवहार ठरला. सकाळी मुलीचं आवरणं महिनाभर पत्नीकडे, शनिवार-रविवारी दुपारी बारा ते पाच मुलगी पूर्ण वेळ निखिलकडे आणि ते पाच तास पत्नीचे. त्या म्हणाल्या, "तू लिहितोस याचा मला कधीच त्रास नव्हता. तू लिहीत नसतोस आणि तरी इथे नसतोस, त्याचा होतो." निखिलनी मान खाली घातली. महिनाभरात सर्वांत उपयोगी पडलेलं वाक्य बहुधा हेच.

एक रूक्ष पण आवश्यक गोष्ट. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळसुद्धा लिहू नका, आणि नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. रोजची फाइल तारीख घालून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. 22 व्या दिवशी हार्ड डिस्क गेलेला माणूस मी समोर बसलेला पाहिला आहे, त्याला कुठलंच समुपदेशन पुरत नाही.

तिसाव्या दिवशी निखिलची 87 पानं झाली होती. त्यांचा पहिला फोन खचलेल्या आवाजात आला, 'च' पुन्हा डोकं वर काढत होता. मी एवढंच विचारलं, "उरलेली कार्डं किती?" सहा होती. पुढच्या पाच सकाळींत ती झाली. खर्डा 101 पानांवर थांबला.

मग वही आणि फाइल दोन आठवडे कपाटात, ही अट माझी. पंधराव्या दिवशी दोघं-तिघं जुने तालमीतले मित्र घरी बोलावून त्यांनी खर्डा मोठ्याने वाचून घेतला आणि त्यानंतर वही उघडली. 143 नोंदी होत्या. त्यांतल्या साठेक नुसत्याच खोडता आल्या, कारण ते वाक्य किंवा तो प्रसंग पुढे राहिलाच नव्हता. वही त्यांनी मला दाखवायला आणली होती. शेवटच्या पानावर, वाचनाच्या रात्री, लाल शाईत, 'ब्लॉकर' असं लिहून पुढे एक नोंद होती:

'पान 1 ते 3. टपरी नको. गोष्ट सुमन दार उघडते तिथे सुरू होते.'