नवीन इंजिनिअरनं साहेबांची तांत्रिक चूक कशी दाखवावी?

ठेकेदारासमोर तर अजिबात नाही. मी तेच केलं होतं.

यवतमाळकडच्या एका गावात मे महिन्यात सिमेंट बंधाऱ्याचं काम होतं. साहेब म्हणाले, चार दिवस पाणी मारलं की पुरे. मी तिथंच, सगळ्यांसमोर बोललो, "सर, हे चुकीचं आहे." ठेकेदार गालात हसला, साहेबांचा चेहरा उतरला आणि माझं म्हणणं तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दोघंच असताना आयएस ४५६ चं, म्हणजे काँक्रीट कामाच्या भारतीय मानकाचं, पान उघडून दिलं. कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे काँक्रीट सतत ओलं ठेवणं, असं त्यात स्पष्ट आहे. वर कालच्या भिंतीवरच्या केसासारख्या बारीक भेगांचा फोटो. विचारलं, "सर, आपण चार दिवसांत कसं भागवायचं?" तेव्हा खरी अडचण कळली: विहीर आटलेली, टँकर परवडत नव्हता. मग ओलं बारदान पांघरायचं ठरलं, पाणी बरंच कमी लागलं.

म्हणून आधी साहेबांची अडचण विचारा. त्यांना नियम माहीत असतोच हो, बहुतेकदा. तरीही ऐकलं नाही, तर साइटच्या नोंदवहीत तारखेसह लिहा, पण लिहिण्याआधी त्यांना सांगून.