यादीत नाव आलंय, आता पत्रं लिही

प्रिय पोरी,

लिपिक-टंकलेखकच्या यादीत तुझं नाव आल्याचं कळल्यापासून मला इतकं बरं वाटतंय की काय सांगू. काल तू विचारलंस ना, की मॅडम, ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांना थँक्यू म्हणायचंय, एक छानसा मेसेज लिहून द्या, मी सगळ्यांना पाठवते. तर तो मेसेज मी काही लिहून देणार नाही, रागावू नकोस. त्यातली पाच-सहा माणसं अशी आहेत की त्यांना तू स्वतःच्या हाताने पत्र लिहावंस, असं मला फार वाटतं, आणि ते कसं लिहायचं एवढं सांगायलाच हे लिहायला बसलेय.

गावात आता फ्लेक्स लागेल, सत्कार होईल, शाल-श्रीफळ घेऊन तू माइकवर आईवडील, गुरुजन आणि मित्रपरिवाराचे आभार मानशील, ते करच, लोकांना आनंद असतो त्यात. पण त्या एका वाक्यात सदाशिव पेठेतल्या खानावळीच्या मावशी कुठे येतात? अभ्यासिकेचे काका कुठे येतात? व्हॉट्सॲपच्या मेसेजचंही तेच होतं, तो गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये जाऊन पडतो, आणि सगळ्यांना एकच पाठवलाय हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं.

आता आपल्याकडे अडचण अशी की जवळच्या माणसाचे आभार मानले की ते म्हणतात, आभार कसले मानतेस, परकी झालीस का? म्हणून तू आभार फार मानूच नकोस. त्यांनी काय केलं होतं आणि त्यामुळे पुढे तुझं काय झालं, ते सांग. मदत करणारा माणूस मदत करून मोकळा होतो, पुढचं त्याला कुणी कळवतच नाही गं. मावशींना असं लिही: "मावशी, दिवाळीच्या आधी माझे पैसे थकले होते तेव्हा तुम्ही डबा बंद केला नाहीत, आणि बाकीच्या मुलींसमोर विषयही काढला नाहीत. मी तेव्हा गावी परत जायचं ठरवलं होतं. गेले नाही, राहिले, आणि आता सिलेक्शन झालंय." बस, एवढंच. मावशींना वाचता येत नाही, त्यांचा नातू मोठ्याने वाचून दाखवेल, म्हणून अक्षर मोठं काढ, वाक्यं छोटी ठेव, आणि चारचौघांत ऐकायला त्यांना अवघड होईल असं काही त्यात घालू नकोस. आणि हो, थकलेल्या पैशांबद्दल लिहिणार आहेस तर ते पोस्टकार्डावर नको, पाच रुपयांच्या पाकिटातून पाठव, पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचतं. टायपिंगच्या सरांना मात्र ५० पैशांचं पोस्टकार्डच टाक, तुझा मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा स्पीड होईपर्यंत ते क्लास सुटल्यावरही तुझ्यासाठी थांबायचे हे सगळ्या क्लासने वाचलं तर चांगलंच आहे.

तुला वाटेल मला कुठे असं लिहिता येतं, लोकांना विचित्र वाटेल. हे सगळ्यांनाच वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासून छापलंय, त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि आधी विचारून ठेवलं की वाचणाऱ्याला काय वाटेल, मग ज्यांना पत्रं गेली त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा अवघडलेपण कमी निघालं आणि आनंद जास्त निघाला, आणि लिहिणारे शब्द नीट जमतील का याची काळजी करत बसले होते तर वाचणाऱ्यांना त्यातली माया दिसत होती. ती पत्रं ईमेलने गेली होती, तेव्हा हाताने लिहिल्यानेच सगळं होतं असं मी म्हणणार नाही. पण हाताने लिहिताना कॉपी-पेस्ट करता येत नाही, प्रत्येक माणसापाशी थोडं थांबावंच लागतं, आणि मोबाईल बदलला तरी कागद कपाटात राहतो.

मायना शाळेत शिकलीस तसाच लिही, मामांना "ती. मामांस, शिरसाष्टांग नमस्कार" असंच, त्यांना ते आवडेल. पावसाळ्यात शाईपेन नको, बॉलपेन घे. पिनकोड विसरू नकोस, आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत बघ, १९७२ साली पिनकोड आणला तो असल्या घोळासाठीच. आणि ज्या पत्रात आभार आहेत त्यात दुसरं काम सांगायचं नाही, धाकट्या भावासाठी रूम बघा वगैरे तर अजिबात नाही, त्यासाठी वेगळा फोन कर. उशीर झाला म्हणून अर्धं पान माफीतही घालवू नकोस, दहावीच्या सरांना इतक्या वर्षांनी लिहिलंस तरी ते तारीख बघत बसणार नाहीत.

सगळ्यात अवघड पत्र तुझ्या रूममेटचं आहे. दोघींनी एकत्र अभ्यास केला, राज्यघटनेच्या नोट्स तिच्या होत्या, आणि तिचं नाव यादीत नाही. तुला तिला फोन करायची हिंमत होत नाहीये हे मला तुझ्या बोलण्यातून कळलं. तिला "पुढच्या वेळी तुझंही होईल" असं लिहू नकोस, ते तुझ्या हातात नाही आणि तिला ते सगळेच म्हणत असणार. पोस्टिंग, पगार, कागदपत्रांची तपासणी, यातलं काहीही नको. पेपरात नेमका कुठला प्रश्न तिच्या नोट्समुळे सुटला, तापात पडली होतीस तेव्हा तिने उशाशी बसून तुला चालू घडामोडी कशा वाचून दाखवल्या, तेवढं लिही. उत्तराची वाट बघू नकोस, "रिप्लाय दे" असंही लिहू नकोस. तिला राग आला तर येऊ दे, काही महिने बोलली नाही तर नको बोलू दे, पण तिने जे केलं ते तू विसरलेली नाहीस हे तिच्याकडे लिखित असायला हवं, आणि ते सत्काराच्या आधी तिच्या हातात पडायला हवं, फ्लेक्सचा फोटो तिने स्टेटसला बघायच्या आधी.

म्हणून पहिलं तेच लिही, आज रात्रीच. अभ्यासिकेच्या काकांचा पत्ता माझ्याकडे आहे, उद्या पाठवते. बाकीचे तू घरी विचारून घे, ज्यांना लिहायचंय त्यांनाच विचारू नकोस.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम