अर्धशिशी कागदावर दिसली पाहिजे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा कागद मिळाला. अपंगत्व पेन्शनसाठीचं तुझं पहिलं अपील फेटाळलं, याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते तू शेवटी लिहिलेल्या ओळीचं: "काका, ज्याचा पाय गेला त्यानं पेन्शन मागावी. डोकेदुखीसाठी भांडायला लाज वाटते."

बाळा, ही लाज आधी मनातून काढ. पलटणीत तू सतरा वर्षं काढलीस. डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, उलटीची उबळ येतेय आणि तरीही गार्ड ड्यूटीवर उभा राहिलास. ते दुखणं रक्त दाखवत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे घरी पाठवताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, कागद पुन्हा उघड आणि शांतपणे वाच. बोर्डानं मायग्रेन लिहिलंय, अपंगत्व 20 टक्के लिहिलंय, तेही आयुष्यभरासाठी. म्हणजे तुझं दुखणं खरं आहे हे त्यांनी स्वतःच सहीनिशी मान्य केलंय. वाद एका रकान्यापुरता आहे: हे दुखणं नोकरीमुळे आलं का, किंवा नोकरीनं वाढलं का? तिथे त्यांनी दोन्हीला "नाही" लिहिलंय आणि कारण दिलंय एका ओळीचं, की दुखणं पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर, असताना सुरू झालं. तुझं सगळं अपील या एका ओळीशी आहे. मागच्या अर्जात तू चार पानं घरच्या अडचणी लिहिल्यास, मुलीची फी, विहिरीचं कर्ज. ते सारं खरं असलं तरी या ओळीला त्यात उत्तर नाही.

धरमवीर सिंह यांचा निकाल वाचलायस का? नसशील तर या आठवड्यात वाच. सैन्याच्या सिग्नल्स, म्हणजे संदेशवहन दलातला जवान, नऊएक वर्षं नोकरी झाली, फिट्स येऊ लागल्या, 20 टक्के अपंगत्व देऊन घरी पाठवला. दुखणं शरीराच्या घडणीतलंच, नोकरीचा संबंध नाही, असं बोर्डाचं मत. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरलं पाहिजे, संशयाचा फायदा त्याला मिळाला पाहिजे, आणि वेगळं म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं लिहिली पाहिजेत. सरकारी वकील म्हणेल की तो निकाल अपंगत्व पेन्शनच्या 1982 च्या नियमांवरचा आहे, तू 2022 मध्ये घरी आलास, तुला 2008 चे नियम लागू. ते बरोबर आहे, त्यांत जवान भरतीवेळी निरोगी होता हे गृहीतक तितकं ठळक उरलेलं नाही. पण 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 2008 च्या नियमांखालीही हेच धरलं, की नुसतं "पीस स्टेशन" म्हणून भागत नाही, बोर्डाला कारण द्यावंच लागतं. दोन्ही निकालांच्या प्रती अर्जाला जोड.

मग कागद. भरतीच्या वैद्यकीय तपासणीची प्रत, लडाखच्या पोस्टिंगच्या तारखा, एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या नोंदी, लो मेडिकलच्या, म्हणजे खालावलेल्या आरोग्यश्रेणीच्या प्रत्येक बोर्डाची प्रत. मिळत नसतील तर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे मागायच्या. इथे तुझी मोठी अडचण मला दिसते. आजारी असल्याचा सिक रिपोर्ट तू फारसा केलाच नाहीस. आरोग्याची कॅटेगरी गेली तर नाईक पदाची फीत जाईल, या भीतीनं औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून गिळत राहिलास. आपल्या किती पोरांनी हेच केलं! दुखणं सोसणाऱ्याच्या नावावर कागद नसतो. म्हणून आता आजूबाजूचे कागद उभे कर. तुझ्यासोबत पोस्टवर असलेल्या दोघातिघांची प्रतिज्ञापत्रं घे. "तो आजारी असायचा" एवढंच त्यांनी लिहून चालणार नाही. कुठल्या पोस्टवर, कुठल्या महिन्यात, तुझ्या जागी कोण उभा राहिला, हे लिहायला सांग. तुटलेली झोप, चुकलेलं जेवण, बर्फावरचा झगझगीत उजेड, उंची यांनी अर्धशिशी उठते हे न्यूरॉलॉजिस्टकडून लेखी घे. तुझ्या ड्यूटीत हे चारही रोजचे होते.

एका चुकीबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण ती माझ्या हातून झाली. क्लार्क असताना मी एका जवानाचं निवेदन लिहून दिलं. तो म्हणाला, "डोकं काय, लहानपणीही दुखायचं." मी तसंच उतरवलं. पुढे कळलं, लहानपणी उन्हात गुरं राखून आल्यावर दुखायचं, तेवढंच. पण त्या एका वाक्यावर त्याचा दावा बुडाला, आणि मी विचारायचं ते विचारलं नव्हतं. तुला खोटं लिही असं मी कधीही सांगणार नाही. पण जे लिहिशील ते नेमकं लिही.

आजपासून सूनबाईला एक वही घालायला सांग. कोणत्या दिवशी उठलं, किती तास अंधारात पडून होतास, कुठलं काम राहिलं. तू स्वतः त्या वेळी लिहू शकणार नाहीस.

दुसरं अपील सहा महिन्यांच्या आत गेलं पाहिजे. फेटाळल्याचं पत्र आलं तो लिफाफा जपून ठेव, त्यावर तारखेचा शिक्का आहे. तिथेही नाही झालं तर मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. पेन्शन हा दर महिन्याचा हक्क असल्यामुळे उशीर झाला तरी दार बंद होत नाही, मात्र थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच हाती लागते. म्हणून रेंगाळू नकोस. दावा मान्य झाला तर पेन्शनसाठी 20 टक्के अपंगत्वाचे 50 धरतात, ती मागणीही त्याच अर्जात कर. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणजे तुला 15 टक्के, आयुष्यभर. मुलीची फी त्यातून निघेल.

गुरुवारी सगळे कागद घेऊन ये, झेरॉक्स दोन-दोन. सकाळच्या पहिल्या एसटीनं ये, दुपारच्या उन्हात मोटारसायकल काढू नकोस. मागची खोली अंधारी आणि गार आहे, लागलं तर पडता येईल. अर्ज आपण दोघं मिळून पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहू.

तुझा,
सुभेदार काका