आपला कोड एमआयटीचा, मग आत घेतलेल्या लायब्रऱ्यांचे काय?

प्रश्न : आम्ही काही मित्रांनी मराठी व्हिडिओंना सबटायटल्स जोडणारा विंडोजसाठीचा प्रोग्रॅम तयार केला असून त्याचा कोड एमआयटी या मोजक्याच अटी असलेल्या परवान्याखाली खुला केला आहे. इन्स्टॉलरमध्ये एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या खुल्या लायब्रऱ्यांच्या तयार डीएलएल फाइल्स (प्रोग्रॅम चालताना त्याला जोडले जाणारे कोडचे भाग) आणि नोटो सान्स देवनागरी हा फाँट असतो. प्रोग्रॅम आम्ही संकेतस्थळावरून आणि शाळांना पेन ड्राइव्हवर मोफत देतो. रीडमीमध्ये एफएफएमपेगच्या संकेतस्थळाची लिंक दिली आहे. एवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरेसे नाही, मात्र दुरुस्ती अवघडही नाही. तुमचा एमआयटी परवाना तुम्ही लिहिलेल्या कोडपुरताच आहे, आणि प्रोग्रॅम मोफत दिला म्हणून इतरांच्या कोडच्या अटी सुटत नाहीत. या अटी प्रामुख्याने प्रत दुसऱ्याच्या हाती देताना लागू होतात. म्हणून तुमचा कोड जिथे ठेवला आहे त्या रेपॉझिटरीपेक्षा इन्स्टॉलरमध्ये प्रत्यक्ष काय भरले आहे, ते आधी तपासावे.

एफएफएमपेग मुळात एलजीपीएल 2.1 किंवा त्यापुढील आवृत्तीखाली मिळते; या परवान्यात लायब्ररी खुली राहते, पण ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा परवाना वेगळा असू शकतो. परंतु कंपाइल करताना (सोर्स, म्हणजे मूळ कोडपासून चालणाऱ्या फाइल्स बनवताना) ‘इनेबल-जीपीएल’ हा पर्याय दिला असेल, आणि एक्स264 ही व्हिडिओ एन्कोड करणारी, म्हणजे चित्र संकुचित करून साठवणारी, लायब्ररी हवी असल्यास तो द्यावाच लागतो, तर ती संपूर्ण बिल्ड (तयार झालेली प्रत) जीपीएल या अधिक कडक परवान्याखाली येते. ‘इनेबल-नॉनफ्री’ने तयार केलेली बिल्ड तर इतरांना देताच येत नाही. तुमची बिल्ड कोणती, हे त्याच पॅकेजमधील एफएफएमपेगची आज्ञा ‘-एल’ (कॅपिटल एल) लावून चालवल्यास कळते.

बिल्ड जीपीएलची निघाली, तर तिच्या डीएलएल जोडलेला एकत्रित प्रोग्रॅम जीपीएलच्या अटींवर द्यावा लागेल. तुमच्या स्वतःच्या फाइल्स एमआयटीखाली राहू शकतात, कारण एमआयटी परवाना जीपीएलशी सुसंगत आहे. मात्र सबटायटल्स तुम्ही व्हिडिओच्या चित्रावर न छापता फाइलमध्ये स्वतंत्र ठेवत असाल, तर चित्र पुन्हा एन्कोड करण्याची गरजच नाही. अशा वेळी एक्स264 वगळून एलजीपीएल बिल्ड स्वतः तयार करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एलजीपीएलमध्येही जबाबदारी उरतेच. वापरकर्त्याला एफएफएमपेगची स्वतः बदललेली प्रत बसवता यावी, म्हणून डीएलएल वेगळ्याच ठेवाव्यात. परवान्याचा पूर्ण मजकूर आणि एफएफएमपेग वापरल्याचा ठळक उल्लेख सोबत द्यावा. इन्स्टॉलरच्या आयत्या करारनाम्यात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्रॅम उलगडून त्याची रचना शोधणे) करू नये’ असे कलम असते, ते काढून टाकावे. अशा बदलांच्या डीबगिंगसाठी (चुका शोधून काढण्यासाठी) ती मुभा देणे या परवान्याने बंधनकारक केले आहे.

सोर्सच्या बाबतीत मूळ प्रकल्पाच्या लिंकवर विसंबू नये. ज्या सोर्सपासून डीएलएल तयार झाल्या नेमका तोच, तुमच्या बदलांसह आणि बिल्डच्या स्क्रिप्टसह, डाउनलोडच्या जागीच ठेवावा. पेन ड्राइव्हवर तो सोबतच द्यावा. अन्यथा किमान 3 वर्षे, प्रत काढून देण्याच्या खर्चाहून अधिक पैसे न घेता, सोर्स पुरवण्याची लेखी हमी द्यावी लागते आणि ती पाळावीही लागते. एलजीपीएल 2.1 मध्ये अटी मोडल्यास वाटपाचा हक्क आपोआप संपतो, आणि त्यापुढील वाटप 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली उल्लंघन ठरू शकते.

फाँटचे काम सोपे आहे. नोटो एसआयएल ओपन फाँट परवान्याखाली आहे. तो प्रोग्रॅमसोबत देता येतो, प्रोग्रॅम विकत असलात तरीही. फक्त सुटा फाँट विकता येत नाही, आणि कॉपीराइटची ओळ व परवान्याचा मजकूर इन्स्टॉलरमध्ये असावा लागतो.