आठ कोअर आहेत ना, मग फोन का तापतो? वाचकांचे प्रश्न

फोनचा स्पीड आणि बॅटरी यावर प्रश्नांचा ढीग साचलाय, त्यातले सहा घेतोय. माझी बारा वर्षं फोनच्या पॉवर टेस्टिंगमध्ये गेली, म्हणजे फोन उघडायचा, बॅटरी काढायची, तिच्या जागी मीटरच्या वायरी जोडायच्या आणि दिवसभर ग्राफ बघत बसायचं. त्यामुळे उत्तरं थोडी मीटरवाल्या माणसाची वाटतील, चालवून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्या फोनला आठ कोअर आहेत, दाजींच्या आयफोनला सहाच. तरी त्यांचाच फोन पळतो आणि प्रत्येक कार्यक्रमात ऐकवतात. आठ मोठे की सहा?

दाजींशी वाद घालू नका, हराल. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक गडी. कोअर किती यापेक्षा एकेक कोअर केवढा आहे ते महत्त्वाचं, आणि हा आठाचा नाद आपल्याकडे 2013 पासून लागला. त्या वर्षी सॅमसंगचा गॅलॅक्सी एस4 आला, भारतात जो आला त्यात एक्सिनॉस 5 ऑक्टा नावाचा प्रोसेसर होता, चार मोठे कोअर (कॉर्टेक्स ए15) आणि चार छोटे (ए7). डब्यावर आठ, पण एका वेळी चारच चालायचे, एकतर सगळे मोठे नाहीतर सगळे छोटे! मग वर्ष संपता संपता मीडियाटेक या चिप कंपनीने एमटी6592 काढला, त्यात आठही ए7, सगळे एकदम चालणारे, म्हणून जाहिरात 'ट्रू ऑक्टा कोअर'. त्याच सुमारास दुसरी चिप कंपनी क्वालकॉमचे अधिकारी आनंद चंद्रशेखर बोलून गेले की गवत कापायच्या मशीनची आठ इंजिनं एकत्र बांधली म्हणून फेरारी होत नाही. आपल्या भाषेत एक ना धड भाराभर चिंध्या. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी क्वालकॉमनेही स्नॅपड्रॅगन 615 जाहीर केला, आठ कोअरवाला, कारण दुकानात गिऱ्हाईक आकडा विचारतं.

आता हिशोब. समजा एखाद्या कामातला 40 टक्के भाग असा आहे की तो वाटूनच देता येत नाही, एकामागून एकच करावा लागतो (ॲप उघडणं, स्क्रोल करणं यात असला भाग भरपूर असतो), तर उरलेले 60 टक्के आठ जणांत वाटूनही काम जेमतेम दोन पट लवकर होतं. आठ पट नाही, दोन. त्यापेक्षा तो 40 टक्केवाला भाग झटकन उरकणारे दोन दांडगे कोअर असले की फोन हातात हलका वाटतो. ॲपलने तेच केलं, 2016 च्या ए10 मध्ये दोन मोठे दोन छोटे, 2017 च्या ए11 पासून दोन मोठे चार छोटे, आणि तेव्हापासून आयफोनमध्ये सहाच्या वर गेलेच नाहीत.

प्रश्न (पुणे, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष): आम्हाला शिकवलं की छोटे कोअर बॅटरी वाचवतात. मग स्नॅपड्रॅगन 8 एलिट आणि डायमेन्सिटी 9300 मधून छोटे कोअर काढूनच का टाकले?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, त्यामुळे जरा लांबण लागेल. (8 एलिट ही क्वालकॉमची महागड्या फोनमधली चिप, 9300 मीडियाटेकची.)

चिपमध्ये काम करताना जी पॉवर जळते ती साधारण फ्रिक्वेन्सी (कोअरच्या पळण्याचा वेग) गुणिले व्होल्टेजचा वर्ग. सगळी मेख त्या वर्गात आहे. फ्रिक्वेन्सी 20 टक्के उतरवली आणि त्यामुळे व्होल्टेज 10 टक्के उतरवता आलं तर 0.8 गुणिले 0.81, म्हणजे पॉवर जवळजवळ 35 टक्के कमी. काम थोडं उशिरा संपणार हे धरूनही त्याच कामाला एकूण ऊर्जा 19 टक्के कमी लागते. उलट्या बाजूनेही तेच, शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज असं वर चढवावं लागतं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता छोटा कोअर घ्या. ए53, ए55, ए510 ही छोट्या कोअरची नावं, हे सगळे सूचना आल्या तशा रांगेत करणारे, पुढचीचा डेटा आला नाही की मागच्या सगळ्या थांबल्या. आकाराने लहान, गळती (नुसतं चालू असताना वाया जाणारी वीज) कमी, म्हणून गाणी ऐकणं, रात्री मेल सिंक होणं याला उत्तमच. पण आजची ॲप्स इतकी जड झालीत की स्क्रीन चालू असताना या छोट्यांना सारखं शेवटच्या फ्रिक्वेन्सीवर पळावं लागतं. लूनावर डबलसीट बसून खंबाटकी घाट चढवून बघा, इंजिन केवढंसं, पण फुल रेस करूनही वर पोचेपर्यंत पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातं, आणि शेजारून बुलेटवाला अर्ध्या ॲक्सिलरेटरवर निघून जातो. मीटरवरही हेच दिसतं, दोन्ही कोअरचे ग्राफ एकावर एक ठेवले की एका ठिकाणी रेषा एकमेकींना कापतात, त्या जागेच्या पुढे मोठा कोअर सावकाश चालवणं हे छोटा कोअर ताणून चालवण्यापेक्षा स्वस्त पडतं. चिप बनवायच्या नव्या पद्धतीत मोठे कोअर फार कमी व्होल्टेजवरही चालायला लागले, त्यामुळे ती कापायची जागा खाली खाली सरकत गेली. म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये डायमेन्सिटी 9300 मध्ये चार एक्स4 (सगळ्यात मोठे) आणि चार ए720 (मधले) एवढेच, आणि 2024 च्या 8 एलिटमध्ये दोन मोठे आणि सहा मधले, पण सगळे ओरायन, म्हणजे क्वालकॉमचे स्वतःचे कोअर.

पण तुमच्या सरांचं पूर्ण चुकलं असंही नाही हं. स्वस्त फोनमध्ये छोटे अजून आहेत आणि राहतील, कारण सिलिकॉनची जागा म्हणजे पैसा. आणि खरी अक्कल कोअरमध्ये नसतेच, ती शेड्युलरमध्ये, म्हणजे कुठलं काम कुठल्या कोअरला द्यायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते. लिनक्सच्या (अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या सिस्टीमच्या) 5.0 मध्ये, म्हणजे 2019 ला, एनर्जी अवेअर शेड्युलिंग, म्हणजे वीज बघून काम वाटणं, मुख्य कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) आलं. कुठला कोअर कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती खातो याचा तक्ताच कर्नलला देऊन ठेवायचा, मग काम आलं की ते ज्याच्यात मावतं अशा कोअरपैकी सगळ्यात स्वस्त कोण ते बघून तिथे पाठवायचं. तो तक्ता फोन बनवणाऱ्याने आळशीपणाने भरला असेल तर चिप कितीही भारी असू दे, फोन खातोच. प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या.

प्रश्न (नागपूर): मी डिलिव्हरी करतो. मे महिन्यात फोन हँडलला लावून मॅप चालू ठेवला की दुपारी स्क्रीन काळपट होते, फोन अडकतो, कधी चार्जिंगच बंद होतं. भारी प्रोसेसरवाला घेतला तर सुटेल का?

नाही भाऊ, नाही सुटणार, आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

उष्णता गरमाकडून गाराकडे जाते. फोनला पंखा नाही, त्याची पाठ आणि काच हाच त्याचा रेडिएटर, त्यातून सतत तीन-चार वॉटच्या वर काही बाहेर पडत नाही, तेही घरात बसून. तुमच्याकडे बाहेर 45 डिग्री आणि वरून थेट ऊन. ॲपल तर स्वतःच सांगतं की आयफोन 0 ते 35 डिग्रीत वापरा, म्हणजे नागपूरचा मे त्यांनी धरलेलाच नाही! त्यात उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस फुल, जीपीएस चालू, डेटा चालू, आणि वरून चार्जर लावलेला, तो बॅटरीला आतून तापवतोय. अशा वेळी फोन साधारण आधी चार्जिंग थांबवतो, मग स्क्रीन उतरवतो, मग मोठ्या कोअरची फ्रिक्वेन्सी छाटतो. तो बिघडलेला नसतो, बॅटरी वाचवत असतो.

तुमच्या हातात आहे ते सांगतो. चार्जिंग सकाळी निघायच्या आधी आणि ऑर्डरची वाट बघत सावलीत बसाल तेव्हा, गाडी चालवताना नको. जाड रबरी कव्हर मे-जूनपुरतं काढा. मॅपचा आवाज इयरफोनला एका कानात घ्या आणि स्क्रीन बंद ठेवून फोन खिशात टाका, नुसतं एवढं केलं तरी निम्मं काम होतं. हँडलला लावायचाच असेल तर वर टोपीसारखी सावली करा. आणि तापलेला फोन हॉटेलवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, मी बघितलेत असे लोक, आत दव धरतं आणि मग कायमची सुट्टी.

प्रश्न (सातारा): मी दर तासाला सगळी ॲप्स क्लिअर करते, मुलीने शिकवलं. तरी बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

ताई, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय. मागे पडलेलं ॲप बहुतेक वेळा गोठवून ठेवलेलं असतं, ते मेमरीत नुसतं बसलेलं असतं, प्रोसेसरला त्रास देत नाही. तुम्ही ते उडवता, मग पुन्हा उघडता, तेव्हा ते पहिल्यापासून सगळं लोड करतं आणि त्या दोन-तीन सेकंदांत मोठे कोअर पूर्ण जोरात पळतात. मीटरवर ते डोंगरासारखं दिसतं. क्लिअर करणं सोडा, सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर उघडून बघा, बहुतेक पहिल्या नंबरला स्क्रीनच निघेल. ब्राइटनेस ऑटोवर टाका. आणि घरात नेटवर्कची एकच काडी येत असेल तर वायफायवर राहा, कमजोर सिग्नलला फोन ओरडून बोलतो, त्यात बॅटरी जाते.

प्रश्न (ठाणे): गेम खेळताना पहिली दहा-पंधरा मिनिटं लोण्यासारखं चालतं, मग फ्रेम पडायला लागतात. परफॉर्मन्स मोड लावला तर अजून लवकर पडतात. बेंचमार्कला तर स्कोर मस्त येतो. फसवलं का मला?

थोडंसं. बेंचमार्क म्हणजे फोनचा वेग मोजणारी चाचणी, ती दोन-तीन मिनिटांत संपते, तेवढ्यात फोन तापायलाच वेळ मिळत नाही, तुम्ही खेळता तासभर. पहिल्या दहा मिनिटांत फोन उष्णता आतच साठवत असतो, धातूची फ्रेम, बॅटरी, काच सगळं हळूहळू गरम होतं, आणि तो साठा भरला की मग जेवढं बाहेर पडेल तेवढंच आत जाळता येतं. सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (स्क्रीनवरची चित्रं काढणारा) दोघांना मिळून हे एकच ताट आहे. परफॉर्मन्स मोड काय करतो, तर फ्रिक्वेन्सी खाली येऊच देत नाही, म्हणजे साठा लवकर भरतो, म्हणून तुमचे फ्रेम लवकर पडतात. सगळं बरोबरच चाललंय हो त्याचं!

माझा सल्ला गेमवाल्या पोरांना आवडत नाही, तरी देतो: फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 90 किंवा 120 वरून 60 ला बांधा. 120 ला प्रत्येक फ्रेमला 8.3 मिलिसेकंद मिळतात, 60 ला 16.6. दुप्पट वेळ मिळाला की तीच फ्रेम कमी व्होल्टेजवर तयार होते, वर्गाचं गणित वर सांगितलंच आहे. एकसारखे 60 हे 110 वरून धाडकन 45 ला येण्यापेक्षा हाताला कितीतरी बरे. फोन घेताना रिव्ह्यूमध्ये थ्रीडीमार्क या बेंचमार्क ॲपची स्ट्रेस टेस्ट बघा, त्यात तोच सीन वीस वेळा चालवतात, पहिल्या आणि विसाव्या फेरीत किती फरक पडला ते बघायचं, वरचा मोठा आकडा नाही. 2022 ला सॅमसंगच्या एस22 वर गदारोळ झाला तो यातूनच. त्यांची एक सर्व्हिस (फोनमध्ये मागे चालणारा प्रोग्रॅम) गेम आणि बरीचशी ॲप्स हळू करत होती पण बेंचमार्कला हात लावत नव्हती, गीकबेंच या बेंचमार्कवाल्यांनी मग ते फोन यादीतून काढून टाकले. तापू नये म्हणून हळू करण्यात काही गैर नाही, माझं कामच ते होतं, पण मग बेंचमार्कलाही तोच नियम लावा ना.

प्रश्न (मडगाव): चार वर्षांचा फोन आहे, हल्ली खूप हळू झालाय आणि 30 टक्क्यांवर अचानक बंद पडतो. प्रोसेसर म्हातारा होतो का?

प्रोसेसर नाही, बॅटरी म्हातारी होते, आणि प्रोसेसरला तिच्या चालीने चालावं लागतं. जुन्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो. कॅमेरा उघडला, मोठे कोअर एकदम जागे झाले, त्यांनी झटक्यात करंट मागितला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन बंद, आकडा 30 दाखवत असला तरी. ॲपलने जानेवारी 2017 च्या आयओएस 10.2.1 मध्ये यावरच उपाय केला होता, जुन्या बॅटरीवर प्रोसेसरचे झटके कापायचे. उपाय म्हणून वाईट नव्हता, पण लोकांना नीट सांगितलंच नाही, डिसेंबरमध्ये ते उघड झालं, मग माफी मागावी लागली आणि बॅटरी बदलायचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणावा लागला.

माझ्या आईचा फोन असाच, देवळात फोटो काढायला गेली की 32 टक्क्यांवर पडायचा. मी शहाणपणा करून कोपऱ्यावरच्या दुकानातून 'ओरिजिनल' बॅटरी बसवून घेतली, ती पाच महिन्यांत फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, अडीच पट पैसे गेले. पण तोच फोन, तोच प्रोसेसर, आई म्हणते नवीन घेतल्यासारखा चालतोय, आणि तुझं एवढं शिक्षण काय कामाचं असंही म्हणते. तर आधी बॅटरी बदला, पावती देणाऱ्याकडून, आणि महिनाभर वापरून मग नव्या फोनचं बघा.